खैराच्या पट्ट्यातला गॅनोडर्मा: जीव किती आणि कुठवर? प्रकल्पाच्या नोंदी

२२ जून २०२४
जागा: चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी गावाच्या सामूहिक वनहक्कातला मिश्र पट्टा. खैर आणि शिसू जास्त. मधूनमधून शिरीष, बाभूळ, चार-दोन अंजन. चार-पाच पावसाळ्यांपासून खैर टोळक्या-टोळक्याने वाळताहेत आणि वाळलेल्याच्या बुंध्याशी पावसाळ्यात लाखेसारखी चकाकणारी तांबडी-तपकिरी लाकडी छत्रं येतात. ही गॅनोडर्मा बुरशी आहे, यात वाद नाही. खैर आणि शिसूची मूळकूज हा वनरोगांच्या पुस्तकातला जुनाच विषय.

प्रश्न वेगळा आहे. एका टोळक्यातली पाच झाडं एकाच बुरशीने, मुळावरून मुळावर जात मारली, की पाच झाडांवर पाच वेगळे बीजाणू पडून पाच वेगळे जीव वाढले? वरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र उलटे. पहिलं खरं असेल तर चर खणून मुळं तोडण्यात अर्थ आहे. दुसरं असेल तर चर खणणं म्हणजे फुकटची मजुरी. तिथे जखमा, छाटणी आणि वणव्याचे डाग यांकडे बघावं लागेल. पाम तेलाच्या बागांमध्ये गॅनोडर्मा बोनिनेन्सवर असं काम झालंय. तिथे शेजारशेजारच्या झाडांवरही बहुधा वेगवेगळे जीव निघाले आणि ‘मुळावाटे पसरतो’ हे जुनं गृहीतक डळमळलं. पण ते पाम. खैराची मुळं वेगळी, जमीन वेगळी. इथलं इथेच मोजायला हवं.

ग्रामसभेचं पत्र मिळालं. अभयारण्याच्या हद्दीत एकही नमुना घ्यायचा नाही, तिथली परवानगी वेगळी लागते.

२९ जून
पट्टा आखला: १०० मीटर बाय ६० मीटर, दर १० मीटरवर खुंटी. आतलं सगळं मोजलं: खैर ११२, शिसू ४७, इतर ३८, जुने खुंट २९. खुंट सोडून चालत नाही. बुरशीचा मूळ साठा बहुतेक वेळा तिथेच असतो.

मोबाइलच्या जीपीएसवर झाडांच्या जागा घ्यायच्या नाहीत. पानोळ्याखाली तो चार ते आठ मीटर इकडेतिकडे करतो, आणि आपल्याला ज्या अंतरांचं भांडण सोडवायचंय ती दोन ते सहा मीटरची आहेत. कोपऱ्याचे चार खांब उघड्यावरून, बराच वेळ थांबून, सरासरी काढून घेतले. आतलं सगळं फितीने: प्रत्येक झाडाचं दोन खुंट्यांपासून अंतर, आणि पडताळ्याला तिसऱ्या खुंटीपासून. तिसरं अंतर २० सेंटीमीटरपेक्षा जास्त चुकलं की तिथल्या तिथे पुन्हा मोजायचं.

होकायंत्राने दिशा घेण्याचा प्रयोग सकाळीच सोडला. कोपऱ्यांना लोखंडी अँगल ठोकले होते. त्यांच्याजवळ सुई सरळ राहत नाही. अँगल काढून बांबू लावता आले असते, पण बांबूला वाळवी लागते. फीतच बरी.

नकाशा क्यूजीआयएस या संगणकीय नकाशा-प्रणालीत, यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारी जाळी) ४३ उत्तर पट्टा. अक्षांश-रेखांशात अंतरं मोजत बसू नये, मीटरमध्येच काम करावं.

बिल्ले अ‍ॅल्युमिनियमचे, सैल तारेने बांधलेले. खिळा ठोकायचा नाही. जखमेतून बुरशी शिरते का, हेच शोधतोय आणि आपणच जखमा करायच्या?

१३ जुलै
पाऊस लागून तीन आठवडे झाले, छत्रं वर येताहेत. नमुना घ्यायला हीच वेळ. कडेला पांढरी, ओलसर पट्टी असते तोवर छत्र वाढतंय. ती पट्टी तपकिरी झाली की आत भुंग्यांची पिल्लं आणि हिरव्या बुरश्या शिरायला लागतात.

नमुन्याची पद्धत ठरली, ती सगळ्यांनी तशीच पाळायची:
छत्र तोडण्याआधी पट्टी ठेवून फोटो. जमिनीपासून उंची, खोडाची दिशा, बुंध्यापासून अंतर वहीत. चाकू दर नमुन्याला ७० टक्के अल्कोहोलने पुसून ज्योतीवरून फिरवायचा. पिशवी कागदी. प्लॅस्टिकमध्ये दोन तासांत घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीचं राज्य. एका झाडावर तीन छत्रं असतील तर तिन्ही घ्यायची, ‘एकाच झाडावरची म्हणजे एकच’ असं धरून चालायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: छत्राच्या वरचा कोको पावडरसारखा थर हा बीजाणूंचा असतो. तो त्या छत्राचा असेल, शेजारच्याचाही असेल. खालच्या छिद्रांच्या थरातही बीजाणू तयार होत असतात, म्हणजे आईबापांचे गुण पुन्हा पिसून वाटलेली पोरं. त्यातून डीएनए काढला तर नकाशावर बुरशीचं जाळं येणार नाही, तिच्या पोरांची खिचडी येईल. म्हणून छत्र उभं मोडायचं आणि मधला गाभा, वरच्या कवचाला आणि खालच्या नळ्यांना न लागता, घ्यायचा.

आज १७ छत्रं.

१० ऑगस्ट
एकूण ४१ छत्रं, २४ यजमानांवरून (झाडं आणि खुंट मिळून). उद्या-परवा कानबाईचा सण, गावातून कोणी येणार नाही. प्रयोगशाळेचं काम उरकू.

सहा छत्रांमधून गाभ्याचे दोन-दोन तुकडे वेगळे काढून त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. कोणते, ते एका बंद पाकिटात. पुढे प्रत्येक पायरीवर हे बारा नमुने अनोळखी म्हणून जातील आणि शेवटी आपली चूक किती, ते सांगतील. हे सुरुवातीलाच केलं नाही तर नंतर करता येत नाही.

१९ ऑगस्ट
शुद्ध वाढ मिळवणं. माध्यम: लिटरला माल्ट अर्क २० ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, निर्जंतुक करून ५० अंशांपर्यंत निवल्यावर स्ट्रेप्टोमायसिन १०० मिलिग्रॅम आणि बेनोमिल हे बुरशीनाशक ४ मिलिग्रॅम. बेनोमिल पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये घ्यावं लागतं. छत्रवर्गी बुरश्या ते सोसतात, नेहमीच्या बऱ्याच हिरव्या-काळ्या बुरश्या सोसत नाहीत. ट्रायकोडर्माला मात्र ते पूर्ण पुरत नाही.

गाभ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, प्लेटला चार, २८ अंशांवर अंधारात. तिसऱ्या दिवशी तुकड्याभोवती पांढरी लव. तिच्या टोकाचा कण उचलून बेनोमिल नसलेल्या प्लेटवर. अशी दोनदा बदली.

४१ पैकी ३३ शुद्ध मिळाल्या. आठ गेल्या: पाचांना ट्रायकोडर्मा, दोन छत्रं आतून किड्यांनी पोखरलेली, एक उगवलीच नाही. पाचही ट्रायकोडर्मावाल्या एकाच दिवसाच्या, पावसात भिजलेल्या पिशव्यांतल्या. नकाशावर या आठ जागा पोकळ वर्तुळ म्हणून राहतील. अंदाजाने रंगवायच्या नाहीत.

५ सप्टेंबर
पोळ्यानंतर समोरासमोर वाढवण्याची चाचणी लावली. ही जनुकीय खुणांच्या आधीची जुनी रीत, पण अजून सोडू नये. स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसते.

५ मिलिमीटरचे दोन ठोकळे, मध्ये ३ सेंटीमीटर. एकाच जीवाचे असतील तर दोन्ही जाळी भेटतात आणि मिसळून जातात, शिवण दिसत नाही. वेगळे असतील तर भेटीच्या जागी एकमेकांच्या पेशी मरतात आणि सीमारेषा उमटते.

३३ नमुन्यांच्या सगळ्या जोड्या ५२८ होतात. तेवढ्या प्लेटा ओतण्यापेक्षा १५ मीटरच्या आतल्या शेजाऱ्यांच्या ६४ जोड्या घेतल्या, आणि प्रत्येक नमुन्याची स्वतःशीच एक जोडी. ही स्वतःशी जोडी गाळली तर निकालाला किंमत नाही. ठोकळ्यांच्या मध्ये वाढ दाट होऊन जी साधी उंच सरी येते, तीच नवखा माणूस रेषा समजतो.

२७ सप्टेंबर
तीन आठवड्यांनी वाचन. प्लेट उलटी करून खिडकीकडे धरली की रेषा जास्त नीट दिसते. वेगळ्या जोडीत खालून पिवळट-तपकिरी दोऱ्यासारखी रेघ, दोन मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना वाढ चामड्यासारखी घट्ट. सुई टोचली तर वाकत नाही, खटकन उचकटते. एकाच जीवाच्या जोडीत तिथे काहीच नाही, सुई कुठेही सारखीच रुतते. दोघांनी एकमेकांना न सांगता वाचलं आणि मग ताडून पाहिलं. ६४ पैकी ५७ वर एकमत. उरलेल्या सातांत रेषा अर्धवट, कुठे आहे कुठे नाही. त्या ‘संशयित’ म्हणून ठेवल्या.

अर्धवट रेषेचं एक कारण ठाऊक आहे. जवळचे नातलग, म्हणजे एकाच छत्राच्या बीजाणूंतून झालेले जीव, एकमेकांना पूर्ण परके वाटत नाहीत. इथूनच मार्करची, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणांची, गरज सुरू होते.

८ ऑक्टोबर
डीएनए. पहिली खेप फसली, त्याची नोंद मुद्दाम सविस्तर.

वाळवलेल्या छत्राचा गाभा थेट कुटून सीटॅब (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं साबणासारखं रसायन) पद्धतीने काढला. हाती आला चहाच्या रंगाचा चिकट गोळा, जो बफरमध्ये विरघळत नाही आणि पिपेटच्या टोकाला शेंबडासारखा लोंबतो. शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर १.५, २६०/२३० तर ०.५. पीसीआरला (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) शून्य पट्टे. गॅनोडर्मात बहुशर्करा आणि रंगद्रव्यं भरपूर. औषधवाले ज्याच्या मागे असतात, तेच इथे आडवं येतं.

दुसरी खेप शुद्ध वाढीतून: माल्टच्या पातळ द्रावणात सात दिवस, जाळं अजून पांढरं असतानाच गाळून, पाणी दाबून काढून, १०० मिलिग्रॅम घेतलं. दहा दिवस ठेवलं की तपकिरी होतं आणि पुन्हा तेच रडगाणं.

बफर १०० मिलिलिटर: सीटॅब २ ग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड) ८.१८ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए ४ मिलिलिटर, पीव्हीपी १ ग्रॅम. मर्कॅप्टोइथेनॉल ऐन वेळी, एक मिलिलिटरला ५ मायक्रोलिटर. खलात थोड्या निर्जंतुक वाळूबरोबर घोटून ६५ अंशांवर ४५ मिनिटं, दर दहा मिनिटांनी उलटसुलट. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (२४:१) दोनदा. दुसऱ्यांदाही मधला पांढरा थर जाड असेल तर तिसऱ्यांदा. वरचं पाणी घेताना शेवटचे १०० मायक्रोलिटर सोडून द्यायचे, हाव धरली की तो थर येतोच. आयसोप्रोपॅनॉल ०.७ पट, खोलीच्या तापमानाचं. फ्रिजमधलं थंड वापरलं तर डीएनएबरोबर शर्करा आणि सीटॅबही खाली बसतं. ७० टक्के अल्कोहोलने दोन धुण्या, ५० मायक्रोलिटर टीई, आरएनेझ.

३३ पैकी ३१ ची गुणोत्तरं १.७५ ते १.९. दोन पुन्हा केल्या. पीसीआरला सगळ्यांची दहापट पातळ आवृत्ती वापरायची. अडथळा आणणारं जे उरतं ते पातळ होतं, डीएनए तरीही पुरतो.

क्लोरोफॉर्मबद्दल एक सूचना: निळे नायट्राइल हातमोजे ते काही मिनिटांतच आत सोडतात. सांडलं की मोजा लगेच बदलायचा, आणि काम धूर खेचणाऱ्या कपाटातच.

२१ ऑक्टोबर
आधी जात, मग जीव. आयटीएस हा जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग वाढवून वाचून आणला. ३३ पैकी ३० एका गटात. तीन निराळ्या, निस्तेज पाठीच्या, दुसऱ्याच गॅनोडर्मा जातीच्या. त्या तीन शेतातच वेगळ्या काढता आल्या असत्या, छत्राला चमक नव्हती. पुढच्या हंगामात चमकेचा रकाना वहीत घालायचा.

तीस जणांचं नाव सध्या ‘गॅनोडर्मा क्रमांक १’. भारतातल्या जुन्या नोंदींत चमकदार दिसलं की ‘ल्युसिडम’ लिहायची पद्धत होती, पण खरा ल्युसिडम युरोपातला; आशियातल्या बऱ्याच नोंदी आता दुसऱ्या जातींत गेल्यात. नाव लांबलं तरी नकाशा अडत नाही.

आयटीएसवरून जीव ओळखता येत नाहीत, हे लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न दर बैठकीत येतो. तीसही नमुन्यांत फरक शून्य ते तीन अक्षरांचा. तो भाग जातीपुरता. एका गावात सगळ्यांचं आडनाव एकच असावं तसं. जीव वेगळे करायला अशा जागा हव्यात जिथे पिढीगणिक बदल होतो आणि एकाच जातीत वीस तऱ्हा सापडतात.

२ नोव्हेंबर
मार्कर कोणते? १९९२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आर्मिलारिया बुरशीचा एकच जीव १५ हेक्टरवर पसरलेला दाखवला गेला, १० टनांहून जड, १५०० वर्षांचा, तेव्हा आरएपीडी आणि आरएफएलपी (डीएनएचे तुकडे पट्ट्यांच्या रूपात ताडून बघण्याच्या जुन्या रीती) वापरले होते. २०१८ साली त्याच जागी पुन्हा नमुने घेऊन, पूर्ण जनुकसंच वाचून तो ३७ हेक्टर, ४०० टन आणि किमान २५०० वर्षांचा ठरला. आरएपीडी आज का नको? पट्टे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या यंत्रावर तसेच येतील याची खात्री नाही. शिवाय पट्टा आहे किंवा नाही एवढंच कळतं. एक प्रत की दोन, ते नाही.

आपल्याला तेच हवंय. जंगलातल्या गॅनोडर्माच्या जाळ्यात प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं, दोन वेगळ्या बीजाणूंकडून आलेली. म्हणजे प्रत्येक जागी जास्तीत जास्त दोन अलील (त्या जागेच्या तऱ्हा). तीन दिसले तर नमुन्यात दोन जीव मिसळलेत. हा फुकट मिळणारा पहारेकरी मायक्रोसॅटेलाइटमध्येच (डीएनएची दोन-तीन अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात अशा जागा) मिळतो.

एका गॅनोडर्मा जातीचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ४३ मेगाबेस (४.३ कोटी अक्षरं). त्यात तीन अक्षरांच्या आवृत्ती शोधून, आठ किंवा जास्त वेळा आलेल्या, अशा १६ जागांसाठी प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) आखले. दोन अक्षरांच्या आवृत्ती जास्त मिळतात, पण त्यांच्या लांबीच्या आलेखात सावली-शिखरं इतकी येतात की १८१ आणि १८३ मध्ये वाद सुरू होतो.

आपली जात तीच नसल्यामुळे १६ पैकी ९ च चालल्या. त्यातल्या दोन जागी सगळ्यांचं सारखंच. उरल्या ७.

पीसीआर २० मायक्रोलिटर: डीएनए सुमारे १० नॅनोग्रॅम, मॅग्नेशियम २ मिलिमोलर, डीएनटीपी ०.२, प्रायमर ०.२ ते ०.४ मायक्रोमोलर, टॅक (प्रती बनवणारं विकर) अर्धा युनिट. ६२ अंशांपासून दर फेरीला अर्धा अंश उतरत ५५ पर्यंत, मग ५५ वर २२ फेऱ्या. शेवटी ७२ वर ३० मिनिटं. ही शेवटची पायरी आखूड केली तर टॅक काही तुकड्यांना जादा ‘ए’ जोडतं, काहींना नाही, आणि एका शिखराची दोन होतात.

१८ नोव्हेंबर
पीसीआरच्या तुकड्यांची लांबी (अक्षरांत) मोजून आली. दोन प्लेटांमध्ये एकच नमुना १८३.६ आणि १८४.३ असा आला. यंत्राचं एवढं सरकणं नेहमीचं. म्हणून दर प्लेटमध्ये एक ठरलेला नमुना असतो; त्यावरून लांबीचे खण आखले, म्हणजे कुठून कुठवरचे आकडे एकच धरायचे ते. संगणकाने आपोआप पूर्णांकात आणलेले आकडे घेतले असते तर १८३ आणि १८४ हे दोन ‘जीव’ झाले असते.

दुसऱ्या दिवशी वीज तीन तास गेली, शून्याखालचा डबा वितळला. प्रायमरच्या कामाच्या कुप्या टाकल्या, मूळ साठा दुसऱ्या डब्यात होता. डीएनएला काही झालं नाही; टीईमध्ये तो एवढ्याने बिघडत नाही.

२५ नोव्हेंबर
पाकीट उघडलं. सहा जोड-नमुन्यांतले सहाही तीसजणांच्या जातीचे निघाले. सहा जोड्या गुणिले सात जागा, ४२ ताळे, एक चुकला. लांब अलील क्षीण येऊन वाचनात सुटला होता. ३० गुणिले ७ म्हणजे २१० चौकटींत चार रिकाम्या.

आता मुख्य हिशेब. कच्च्या नोंदीत १६ वेगळे छाप (सात जागांवरच्या अलीलांचे संच). पण त्यातले दोन दुसऱ्यांपासून फक्त एका अलीलने वेगळे, तेही त्याच लांब, क्षीण जागेवर. १४ अलीलांपैकी किती वेगळे, याचा स्तंभालेख काढला: शून्य आणि एकवर गर्दी, दोनवर काहीच नाही, मग तीनपासून पुढे. तो मोकळा खड्डा म्हणजे रेघ मारायची जागा. एकपर्यंतचा फरक चूक समजायचा, पुढचा खरा. शेवटी १४ जीव.

छाप जुळले म्हणजे एकच जीव, हे योगायोगाने होऊ शकतं का? दोन अनोळखी जीव एका जागी सारखे निघण्याची शक्यता आपल्याकडे साधारण ०.२. सात जागांना मिळून ०.००००१३. निर्धास्त. पण सख्ख्या भावंडांत ती एका जागी ०.५ च्या आसपास असते, आणि ०.५ चा सातवा घात ०.००७८, म्हणजे १२८ मध्ये एक. तीस नमुन्यांच्या जोड्या ४३५. सगळेच भावंडं असते तर तीनेक जोड्या नुसत्या योगायोगाने जुळल्या असत्या. तसे ते नाहीत. गॅनोडर्मात एकाच छत्राच्या दोन बीजाणूंचं लग्न चारात एकदाच जमतं. तरी सात जागा काठावरच आहेत. दहा-बारा हव्यात. सध्या ही उणीव समोरासमोरच्या चाचणीने भरून काढतोय.

दोन्ही पद्धती ताडल्या. संशयित सातांपैकी पाच मार्करने सरळ ‘वेगळे’ ठरवले, दोन ‘एकच’. एकमताच्या ५७ मध्ये तीन विसंवाद: दोन जोड्यांत रेषा नाही पण छाप तीन अलीलांनी वेगळे (हीच ती भावंडं असावीत), एका जोडीत फिकी रेषा पण छाप तंतोतंत एक. शेवटच्या जोडीतली एक वाढ सहा वेळा बदललेली, थकलेली होती. फ्रिजमधल्या मूळ नळीतून पुन्हा लावल्यावर रेषा आली नाही.

१ डिसेंबर
नकाशा.

जीव १: नऊ नमुने, सात यजमान (पाच खैर, दोन खुंट), टोकापासून टोक २१ मीटर. जीव २: चार नमुने, शेजारचे दोन खैर, अंतर साडेसहा मीटर. बाकीचे १७ नमुने म्हणजे १२ जीव, दहा यजमानांवर, एकही दुसऱ्या झाडावर गेलेला नाही. दोन शिसूंवर प्रत्येकी दोन वेगळे जीव. एकावर तर दोन छत्रं ४० सेंटीमीटरवर, आणि बाप वेगळे.

म्हणजे पट्ट्यात दोन्ही गोष्टी घडताहेत. ‘मुळावाटे की बीजाणूंवाटे’ हा प्रश्न पूर्ण पट्ट्याला विचारायचा नव्हताच, टोळक्या-टोळक्याला विचारायचा होता.

नकाशावर जीव १ भोवती बहुभुज आखून आत रंग भरला होता, तो पुसला. रंग भरला की वाटतं बुरशी सगळ्या मातीत आहे. आर्मिलारिया बुटाच्या काळ्या नाडीसारखे दोरे मातीतून सोडतो, गॅनोडर्मा तसं करत नाही. त्याला मूळ किंवा लाकूडच लागतं. आत तीन निरोगी खैर उभे आहेत. आता फक्त ठिपके, आणि मुळांचा पुरावा आहे तिथेच रेघ.

१४ डिसेंबर
रेघेसाठी खणलं. खैर १४ आणि खुंट ६, अंतर ३.१ मीटर, दोन्ही जीव १. वर काळी, ३० सेंटीमीटरखाली मुरूम. टिकावाने वरचा थर, मग खुरपं आणि हात. पहार घातली असती तर नेमकं हवं ते तुटलं असतं. ३५ सेंटीमीटरवर खुंटाचं मनगटाएवढं मूळ, साल जागेवर, आत पांढरं, स्पंजासारखं ओलं, दाबलं की पाणी सुटतं. त्यावर खैराचं अंगठ्याएवढं मूळ आडवं पडलेलं, टेकलेल्या जागी दोघांची साल एकमेकांत रुतलेली. खैराच्या मुळात तिथून बुंध्याकडे हातभर कूज, उलट दिशेला तीन बोटं गेलं की लाकूड निरोगी तांबूस. म्हणजे बुरशी खुंटाकडून खैराकडे गेली.

दोन्ही मुळांतून आणि टेकलेल्या जागेतून तीन नमुने. सात जागांवर तिन्ही जीव १. आसपासच्या मातीचे चार नमुने त्याच माध्यमावर टाकले, गॅनोडर्मा एकातही नाही.

जीव १ चे दोन्ही खुंट आणि सगळे खैर एका सरळ ओळीच्या दोन मीटर आत येतात. जुनी तोड त्या ओळीने झाली असावी.

४ जानेवारी २०२५
ग्रामसभेला द्यायची शिफारस. जीव १ आणि २ पुरतेच चर: शेवटच्या आजारी झाडापलीकडे निरोगी झाडांची एक ओळ आत घेऊन, मीटरभर खोल, फावड्याएवढा रुंद. त्या ओळीतली झाडं मुळांनी आधीच जोडलेली असू शकतात, म्हणून चर त्यांच्या बाहेरून. उतार आहे, चर उघडा ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात घळ होईल. मुळं तोडून त्याच दिवशी बुजवायचा आणि काही वर्षांनी मुळं पुन्हा ओलांडू लागली की पुन्हा तोडायची. आतले खुंट जाड मुळांसकट उपटून जाळायचे. नुसता वरचा ठोकळा काढून उपयोग नाही, साठा खाली आहे.

उरलेल्या दहा यजमानांसाठी चर नाही. त्यातल्या सातांच्या बुंध्याशी वणव्याचा किंवा कुऱ्हाडीचा जुना घाव आहे. मोहाखालचा पाला जाळताना लागणारी आग आणि शेळ्यांसाठीची छाटणी, बोलणं या दोन्हींवर व्हायला हवं. घाव असलेल्या पण निरोगी झाडांची मोजणी अजून केलेली नाही. ती होईपर्यंत घाव हेच कारण, असं पत्रात लिहायचं नाही.

११ जानेवारी
तीसही वाढींचे ठोकळे निर्जंतुक पाण्याच्या कुप्यांत, प्रत्येकी पाच, दोन वेगळ्या इमारतींत. कुपीवर पेन्सिलने, अल्कोहोलचा हात लागला की मार्करची शाई पुसते. पुढच्या जुलैसाठी: आणखी पाच जागांचे प्रायमर, चमकेचा रकाना, पावसाच्या दिवशी पिशव्यांना मेणकापडाची थैली, आणि त्या आठ पोकळ वर्तुळांवर पुन्हा छत्रं आली तर सगळ्यात आधी ती.